पहिली पायरी हलवू नका

विजेचा शोध कोणी लावला हे शाळेच्या पुस्तकात दिलेलं असतं. पण ती वापरावी कशी, हे अख्ख्या भूतलावर एकट्या माझ्या सासऱ्यांना कळलं आहे, असं मी तंजावुरात आल्यापासून मानत आले आहे. मी साताऱ्याची. राजवाड्यामागच्या ह्या गल्लीत लग्न होऊन आले तेव्हा मराठी घरातच चालले आहे म्हणून अगदी निर्धास्त होते. ह्या घरातली मराठी माझ्या पणजीच्या तोंडी शोभली असती अशी जुनी, आणि तिची चाल मात्र तमिळची. सासऱ्यांना इथे अजून ‘मामंजी’ म्हणतात. साताऱ्यात हा शब्द कधीच अडगळीत गेला. इथे तो रोज वापरून गुळगुळीत झालेला आहे. माप ओलांडून आत आले, सगळ्यांच्या पाया पडले, आणि मामंजींनी मला पहिला प्रश्न विचारला, “खोलींतून भायेर येतांना काय करायचं?” मला वाटलं, इथली काहीतरी रीत असेल, वडीलधाऱ्यांना वाकून वगैरे. मी गोंधळून मागे वळले आणि सवयीने दिवा बंद केला. मामंजींचा चेहरा उजळला. सासूबाईंकडे वळून ते म्हणाले, “बरी मुलगी अहे.” त्यानंतर आजतागायत माझ्या हातून कितीही सांबार खारट झालं तरी त्यांच्या लेखी मी बरीच मुलगी राहिले आहे.

सरकारी वीज मंडळाला इथे सगळे ‘ईबी’ म्हणतात. दुसऱ्यांच्या घरी ईबीचा मीटर जिन्याखाली धूळ खात पडलेला असतो. आमच्याकडे तो पुढच्या खोलीत, डोळ्यांच्या पातळीवर आहे आणि त्याच्यासमोर मामंजींची वेताची खुर्ची आहे. बँकेतून निवृत्त झालेली माणसं टीव्ही बघतात, मामंजी मीटर बघतात. त्यातला तांबडा ठिपका लुकलुकण्याचा वेग पाहून घरात काय चाललं आहे ते त्यांना बसल्या जागी कळतं. मी मागच्या खोलीत इस्त्रीचं बटण दाबलं की पुढून आवाज यायचा, “राक्षसीण उठली कीं!” घरातल्या प्रत्येक यंत्राचा स्वभाव त्यांनी ठरवून टाकलेला आहे. इडलीचं पीठ वाटणारा ग्राइंडर म्हणजे गरीब गाय, आवाज मोठा पण खाणं थोडं. फ्रिज म्हणजे घरातला थोरला, बसून खाणारा, त्याला काही बोलता येत नाही. आणि गीझर म्हणजे जावई: येतो क्वचित, राहतो थोडा वेळ, पण खाऊन जातो ते सगळ्यांपेक्षा जास्त. हा जावई आमच्याकडे फक्त मार्गळी महिन्याच्या थंडीत यायचा आणि त्याचा पाहुणचार लवकर आटोपायचा. हे सगळं ते रागावून कधीच सांगत नसत. माझे वडील साताऱ्याहून आले होते तेव्हा न्हाणीघराचा दिवा तसाच ठेवून बाहेर आले. मामंजी त्या दिव्याखाली जाऊन हात जोडून उभे राहिले, देवळात उभं राहावं तसे, आणि वडील ओशाळून परत येऊन दिवा बंद करेपर्यंत तिथून हलले नाहीत. अजूनही मी साताऱ्याला गेले की वडील विचारतात, “तुझे सासरे कसे आहेत?” आणि विचारता विचारता खोलीतला दिवा बंद करतात.

विजेच्या दरांवर मामंजी बोलू लागले की मी हातातलं काम टाकून ऐकत बसते. कीर्तनात जसा रंग भरत जातो तसा तो विषय त्यांच्या तोंडी भरत जातो. आमच्याकडे दोन महिन्यांनी एकदा रीडिंग होतं. पहिल्या शंभर युनिटांचे पैसे सरकार सोडून देतं. त्याच्यापुढे पायऱ्या लागतात, जितकं वर जाल तितकं युनिट महाग, आणि पाचशेच्या वर पाऊल पडलं की मागच्या पायऱ्यांचे दरसुद्धा बदलतात. एवढंच आहे खरं तर. पण मामंजी ते सांगताना मोठ्या देवळाच्या गोपुरावर चढत असल्यासारखे एकेक पायरी थांबून, दम खाऊन सांगतात आणि पाचशेच्या टोकावर पोचले की ऐकणारा आपल्या घरी कोणता दिवा राहिला ते आठवू लागतो. दर वाढायचे असले की आधी लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला सभा भरते. तिरुच्चीला अशी सभा भरली की मामंजी पहाटेची गाडी पकडून जाणारच, सोबत दहीभाताचा डबा. एकदा माझे यजमान त्यांना सोबत म्हणून गेले होते. गिरण्यांचे मालक, दुकानदार, सगळे आपापलं गाऱ्हाणं मांडून गेले, मग मामंजी कमरेची वेष्टी सावरून उठले आणि तमिळमध्ये एवढंच म्हणाले, “वरच्या पायऱ्या काय चढवायच्या त्या चढवा. पहिली पायरी हलवू नका.” समोरच्या साहेबांनी विचारलं, “तुमचा वापर शंभराच्या आत असतो का?” मामंजी म्हणाले, “माझं सोडा.” आणि खाली बसले. यजमान घरी येऊन हसत होते, कारण आमचा वापर कधीच शंभराच्या आत नव्हता. सगळं घर अंधारात बसवूनसुद्धा आमचा मीटर दर खेपेला पाचशेच्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहायचा. एवढी काटकसर करून करंट जातो तरी कुठे, हे आम्हाला कळत नसे. मामंजींना विचारलं तर म्हणत, “घर मोठं अहे.” घर तर एवढंसं.

सभेत साहेबांपुढे न दबणारे हे मामंजी एकाच माणसापुढे मान खाली घालत. त्यांची थोरली बहीण, अक्का. आमच्या घराचे दोन पोर्शन आहेत, मध्ये एक भिंत, पुढे दोन वेगवेगळे दरवाजे. त्या पलीकडच्या पोर्शनमध्ये अक्का एकट्या राहतात. ओरत्तनाडूच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. त्यांचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. नोकरी संपल्यावर मामंजी त्यांना घरी आणायला गेले, तेव्हा अक्कांनी खुर्चीत बसल्या बसल्या अट घातली: “माझी चूल वेगळी, माझा मीटर वेगळा. नाहीं तर येत नाहीं.” भावाच्या घरी आश्रित म्हणून राहिलेल्या बायका त्यांनी लहानपणापासून पाहिल्या होत्या आणि त्यांच्यातली एक व्हायचं नाही हे त्यांनी फार पूर्वी ठरवलं होतं. मामंजींनी ईबीच्या कचेरीत खेटे घालून अक्कांच्या नावाची जोडणी घेतली. आल्याबरोबर अक्कांनी मीटरला हळदकुंकू लावलं. मी त्यांच्या कपाळावर कधी कुंकू पाहिलेलं नाही, पण त्यांच्या मीटरवरचं कुंकू अजून ताजं असतं.

आणि अक्कांचा मीटर कधी शंभराच्या वर गेला नाही. रीडिंग झालं की अक्का आमच्या दारात येऊन उभ्या राहत आणि निकाल जाहीर करत, “माझं ह्या खेपेसही शून्य!” त्यानंतर मामंजींची शाळा भरे. “अरे तंबी,” अक्का म्हणत, तंबी म्हणजे धाकटा भाऊ, आणि सत्तरी गाठलेले मामंजी खरोखरच शाळेतल्यासारखे उभे राहत, “मी येकटी बाई. फ्रिज अहे, विसिरी अहे, सगळं अहे. तुझ्या घरांत तेवढा करंट जातो कसा? ओतता काय?” विसिरी म्हणजे पंखा. मामंजी म्हणत, “हो अक्का.” तिन्हीसांजेला आमच्याकडे चुकून एखादा जादा दिवा राहिला की भिंतीपलीकडून हाक यायचीच, “तंबी! पुढल्या खोलींत दिवा जळत अहे!” त्यांना तिकडून कसं कळायचं कोण जाणे. मामंजी उठायचे, दिवा बंद करायचे आणि अंधारात येऊन बसायचे. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू असायचं, ते मला अंधारातही दिसायचं, आणि ह्या माणसाला बोलणी खाऊन इतका आनंद का होतो ते कळायचं नाही. घरात त्यांचा आणखी एकच हुकूम होता: मधल्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही. कॅलेंडरसुद्धा नाही. मला वाटे, अक्कांना धक्का बसू नये म्हणून असेल.

गेल्या वर्षी गल्लीत बातमी आली की एका छपराखाली दोन जोडण्या असतील तिथे ईबीची माणसं तपासायला येणार. खरोखर दोन वेगळी घरं असली तर ठीक. एकच घर निघालं तर दोन्ही मीटर मिळून एक. आमच्या दृष्टीने त्याचा अर्थ अक्कांचे शंभर युनिट गेले आणि आम्ही सगळे मिळून पाचशेच्या वर गेलो. पण मामंजींना धास्ती वेगळीच होती, आणि ती अक्कांनी उघड बोलून दाखवली. “माझा मीटर गेला तर मीही जातें,” त्या आमच्या ओट्यावर बसून शांतपणे म्हणाल्या. “पापनाशमला माझी मैत्रीण अहे, वयस्कर बायकांच्या आश्रमांत. येक खोली रिकामी अहे म्हणून लिहिलंन अहे तिनं.” सासूबाई म्हणाल्या, “अक्का, असं काय बोलतां?” अक्का म्हणाल्या, “ज्याचा मीटर नाहीं त्याचं घर नाहीं.” मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांनी खुर्ची मीटरकडून भिंतीकडे फिरवली आणि तिच्याकडेच बघत बसले.

ईबीची इंजिनियर आली ती एक तरतरीत मुलगी, हातात टॉर्च, पायात मजबूत बूट. मामंजींनी तिला अक्कांच्या दारातच गाठलं. अनोळखी माणसाशी त्यांना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. कॉफी होणें का, म्हणजे कॉफी हवी का, राजवाडा पाहिलात का, ग्रंथालयातल्या जुन्या पोथ्या पाहिल्यात का, आणखी एक कॉफी. मुलगी हसून कामाला लागली. वेगळं स्वयंपाकघर? आहे. वेगळा दरवाजा? आहे. वेगळं रेशनकार्ड? अक्कांनी ते आधीच इस्त्री केल्यासारखं सरळ करून ठेवलं होतं. मुलगी समाधानाने अक्कांना म्हणाली, “पाट्टी,” म्हणजे आजी, “सगळं बरोबर आहे. फक्त मेन बंद करून पाहते.” मामंजी म्हणाले, “कशाला? मेनला हात लावायचा नाहीं. शॉक लागेल.” ती म्हणाली, “सार, माझं कामच आहे ते.” ती स्टुलावर चढली आणि तिने अक्कांचा मेन खाली ओढला.

स्वयंपाकघरातला दिवा गेला. देवापुढचा छोटा बल्ब गेला. आणि अक्कांच्या डोक्यावरचा पंखा तसाच गरगर फिरत राहिला.

अक्कांनी मान वर केली आणि पंख्याकडे पाहिलं. मग मेनकडे. मग मामंजींकडे. मामंजी म्हणाले, “वारा अहे.”

“काय?”

“वाऱ्यानं फिरत अहे, अक्का. खिडकी उघडी अहे नव्हें?”

एप्रिल महिना होता. बाहेर कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. अक्कांनी गणिताच्या बाईंच्या आवाजात विचारलं, “आणि फ्रिज?”

फ्रिज गुरगुरत होता. मामंजींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू घरातल्या थोरल्यानेच ऐन वेळी घात केला होता. मग त्यांचे हात खाली पडले. मुलीने टॉर्च भिंतीवर मारला, वरपासून खालपर्यंत, बोटांनी थापटत, आणि बरोबर त्या जागी येऊन थांबली जिथे आम्हाला कॅलेंडर लावायची मनाई होती.

मग सगळं बाहेर आलं. घरी आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात अक्का पंखा लावत नसत, शंभराच्या वर जाईल म्हणून. आणि एका दुपारी भोवळ येऊन पडल्या. वर गेलं तर मी भरतों, असं मामंजी म्हणाले असते तर अक्का दुसऱ्या दिवशी बाडबिस्तारा बांधून निघाल्या असत्या. म्हणून त्या पापनाशमला लग्नाला गेल्या असताना मामंजींनी घराला रंग देण्याच्या निमित्ताने भिंत फोडली, अक्कांचा पंखा, फ्रिज आणि पाण्याचा पंप आपल्या मीटरला जोडला, आणि वरून गिलावा करून घेतला. अक्का परत आल्या, “रंग बरा अहे” म्हणाल्या. दिवे जायचे ते सगळ्या गल्लीचे एकदम जायचे, त्यामुळे त्यांना कधी संशय आला नाही. त्या आपल्या शून्यावर खूश राहिल्या आणि मामंजी आमच्याकडच्या अंधारातून त्यांच्या फ्रिजचा खर्च भागवत राहिले. तिरुच्चीच्या सभेत ज्या पायरीसाठी ते उठून बोलले होते, ती पायरी आमची कधीच नव्हती. मी त्यांना चिक्कू समजत होते असं नाही, पण आपण रोज ज्याच्या ताटात भात वाढतो तो माणूस इतका मोठा आहे, हे कळायला एक मेन स्विच बंद करावा लागला.

मुलगी कानकोंडी झाली. “सार, एका मीटरची वीज दुसऱ्या घरात न्यायची नसते,” ती हळूच म्हणाली. “मी पाहिलं नाही असं मला म्हणता येणार नाही. वायर काढून घ्या, मग दोन मीटर दोन राहतील. नाही तर एक करावा लागेल.”

मामंजी अक्कांकडे बघू शकत नव्हते. अक्का उठल्या. “वायर काढा,” त्या म्हणाल्या. “मीटर राहूं दे.” आणि आत गेल्या. आम्ही सगळे त्यांच्या पेटीच्या कड्यांचा आवाज येतो का ते ऐकत उभे राहिलो. तो आला नाही. मामंजींनी तेवढ्यावरच देवाला साखर ठेवली.

वायर निघाली. अक्का राहिल्या. पण त्यानंतर भिंतीपलीकडून हाक येणं बंद झालं. आमच्याशी त्या बोलायच्या, सासूबाईंना पच्चडी पाठवायच्या. मामंजींना मात्र एक शब्द नाही. रीडिंग झालं तेव्हा त्या दारात आल्या नाहीत. मामंजी भिंतीला कान लावून बसू लागले. ते पंख्याचा आवाज ऐकायचे. आपली वायर आता तिकडे नाही. अक्का शंभरासाठी पुन्हा उकाड्यात बसल्या तर? कधी ऐकू यायचा, कधी नाही, आणि नाही आला की ते अस्वस्थ होऊन खोलीत फेऱ्या घालायचे. मी एक दिवस धीर करून भिंतीवर कॅलेंडर लावायला खिळा घेऊन गेले, तर म्हणाले, “नको.” मी म्हटलं, “मामंजी, आता आत काही नाही.” ते म्हणाले, “नाहीं म्हणूनच ठोकूं नको.” मी खिळा परत डब्यात टाकला.

मग एक दिवस तिन्हीसांजेला त्यांनी एक भयंकर गोष्ट केली. पुढच्या खोलीत कोणी नसताना दिवा लावून ठेवला. सासूबाईंनी बंद केला, त्यांनी परत लावला. दुसऱ्या दिवशी दोन दिवे. शेजारच्या दुकानदाराने माझ्या यजमानांना बाजूला घेऊन विचारलं, “तुमच्या अप्पांची तब्येत बरी आहे ना?” आम्हालाही काळजी वाटू लागली होती. मीटरचा ठिपका भराभर लुकलुकत होता आणि मामंजी त्याच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसलेले. ते कशाची वाट बघत होते ते मला एकाएकी कळलं. त्यांना बोलणी हवी होती.

असं बरेच दिवस चाललं. रोज दिवा जळायचा, रोज पलीकडे शांतता. शेवटी एका संध्याकाळी मी त्यांच्यासाठी कॉफी घेऊन बाहेर आले, आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

“तंबी.”

मामंजी ताडकन उभे राहिले. “काय अक्का?”

“पुढल्या खोलींत दिवा जळत अहे.”

“हो अक्का,” म्हणत त्यांचा हात बटणाकडे गेलासुद्धा. चेहऱ्यावर ते जुनं हसू उमटलं होतं.

“असूं दे,” अक्का म्हणाल्या. “अंधारांत बसून डोळे जातील तुझे.” मग जरा खालच्या आवाजात, “इकडे माझी विसिरीही फिरत अहे. काळजी करुं नको.”

मामंजींचा हात बटणावरच राहिला. आता कोणी त्यांना दिवा बंद करायला सांगणार नव्हतं, आणि ते त्यांना समजलं होतं. त्यांचं हसू हळूहळू मावळलं आणि डोळे भरून आले. कॉफी गार होत चालली होती. त्यांनी दिवा तसाच ठेवला, भिंतीपाशी गेले आणि कान लावला. बराच वेळ ते तसेच उभे होते. मीही हळूच जाऊन बाजूला कान टेकवला. पंखा खरंच फिरत होता.